परवाना मिळाल्यानंतरचे पहिले वर्ष

तवंदी घाट हा काही मोठा घाट नव्हे. संकेश्वरकडून निपाणीकडे येताना स्तवनिधीच्या आसपास रस्ता उतरू लागतो, काही वळणे लागतात आणि थोड्याच वेळात खाली निपाणी दिसू लागते. या वाटेने मी चाळीस वर्षे ये-जा करतो आहे. आधी बसच्या खिडकीतून, नंतर दुचाकीवरून आणि गेली वीसेक वर्षे स्वतःच्या मोटारीतून. या उतारावर भय वाटावे असे काही आहे, हे मी विसरूनच गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने मला त्याची आठवण करून दिली. त्याला मोटारीचा पक्का परवाना मिळून अकरा दिवस झाले होते आणि तो आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणत होता. साखर कारखाने नुकतेच सुरू झाले होते आणि दिवस मावळला होता. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचते, असे त्याला मित्रांनी सांगितले होते. त्याने तसे केले आणि मग वाढत जाणारा वेग आवरण्यासाठी तो ब्रेकवर पाय दाबून बसला. अर्ध्या उतारावर जळका वास येऊ लागला, ब्रेक नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला, आणि त्याच वेळी समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला. गाडी कडेच्या मुरुमावर घालून त्याने ती कशीबशी थांबवली. कुणालाही इजा झाली नाही. रात्री जेवण झाल्यावर त्याने मला विचारले, ‘‘काका, हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं?’’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. मित्रांनी सांगितलेली गोष्ट मुळातच चुकीची होती. आजच्या इंजिनांमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये मात्र गाडीचा सारा वेग ब्रेकलाच सोसावा लागतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. ही माहिती दहा मिनिटांत सांगता येते आणि एका उतारावर अर्ध्या तासात अंगवळणी पाडता येते. तरीही रीतसर शिकून, रीतसर परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या मुलापर्यंत ती पोचली नाही.

त्याला परवाना कसा मिळाला, हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणतीही लबाडी नव्हती. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. खाजगी मोटारीसाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाण्याची सक्ती नाही. जो जातो त्याला 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार किमान 21 दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास मिळायला हवेत. माझा पुतण्या शाळेत गेला होता. पहाटे शाळेची गाडी गल्लीच्या तोंडाशी येई, शेजारी मास्तर बसत, त्यांच्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असे, आणि अर्धा तास गावात नाहीतर अकोळ रस्त्यावर गाडी फिरे. बहुतेक वेळ दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये. परीक्षेच्या दिवशी त्याने वळणे घेतली, गाडी मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा काढली आणि तो उत्तीर्ण झाला. ज्या महामार्गावरून तो अकरा दिवसांनी वडिलांना आणणार होता, त्यावर शिकण्याच्या संपूर्ण काळात त्याच्या गाडीचे चाक एकदाही गेले नव्हते.

याबाबत नियमाला फार दोष देता येत नाही. परीक्षेत काय काय पाहायचे हे सांगणाऱ्या नियम 15 मध्ये उतारावर गाडी चालवताना झटपट खालचा गिअर टाकता येणे आहे, दुसऱ्या वाहनाला ओलांडणे आहे, मागच्याला ओलांडू देणे आहे, आणि योग्य इशारे देऊन रस्त्यावरची आपली जागा धरणेही आहे. ज्याने हे लिहिले त्याला रस्ता ठाऊक होता. परंतु बंदिस्त मैदानावर, पाच-सात मिनिटांत, ताशी 20 किलोमीटर वेगाने ओलांडणे तपासताच येत नाही, आणि जे परीक्षेत तपासले जात नाही ते शाळेत शिकवले जात नाही. हे ड्रायव्हिंग स्कूलपुरते खरे आहे असे नव्हे. आपल्या साऱ्याच शाळांचे तसे आहे.

आणि हा परवाना किती काळासाठी मिळतो? 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत परवाना घेणाऱ्या व्यक्तीचा खाजगी वाहनाचा परवाना वयाच्या 40 व्या वर्षापर्यंत वैध असतो. अठराव्या वर्षी परवाना घेतलेल्या मुलाकडे पुढची 22 वर्षे, त्याने गुन्हा केल्याखेरीज, कुणीही पुन्हा वळून पाहणार नाही. त्या मैदानावरची पाच-सात मिनिटे बावीस वर्षांना पुरतील, असे आपण गृहीत धरलेले आहे.

गावातले गाडी चालवणे आणि महामार्गावरचे चालवणे यांत फरक केवळ वेगाचा आहे असे अनेकांना वाटते, आणि वेग म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबणे. प्रत्यक्षात वेग वाढला की सारे गणितच बदलते. ताशी 50 किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तर ती साधारण 35 मीटरांत थांबते. ताशी 100 किलोमीटरला, म्हणजे चौपदरी दुभाजकयुक्त रस्त्यावर मोटारीला 2018 च्या अधिसूचनेने दिलेल्या कमाल मर्यादेला, तीच मोटार थांबायला जवळजवळ 100 मीटर घेते. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर तिपटीच्या घरात जाते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हे सूत्र दहावीच्या मुलाला पाठ असते, पण ते पायाला ठाऊक नसते. पायाला ते ठाऊक व्हायचे, तर त्या वेगाने, रिकाम्या रस्त्यावर, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना, चार वेळा तरी जोरात थांबून पाहावे लागते.

आमच्या भागातले महामार्ग तर त्याहून कठीण आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून थेट मार्चपर्यंत संकेश्वरच्या हिरण्यकेशी, निपाणीच्या हालसिद्धनाथ आणि आजूबाजूच्या इतर कारखान्यांकडे जाणारा ऊस रस्त्यावर असतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर बाजूंनी बाहेर आलेली मोळ्यांची टोके, आणि मागे बहुतेक वेळा दिवाही नाही आणि रिफ्लेक्टरही नाही. समजा अशी ट्रॉली रात्री ताशी 20 किलोमीटरने चालली आहे आणि मागून नवखा चालक ताशी 90 ने येतो आहे. समोरून वाहने येत असल्याने त्याने डिपर लावला आहे आणि त्याच्या उजेडात सुमारे 50 मीटरपर्यंतचे दिसते. दोन्ही वाहनांमधले अंतर सेकंदाला 19 मीटरांहून अधिक वेगाने घटत असते. समोर ट्रॉली आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्यातले 29 मीटर संपलेले असतात. उरलेल्या 21 मीटरांत त्याला आपला वेग ट्रॅक्टरच्या वेगावर आणायचा असतो आणि त्यासाठी 27 मीटर लागतात. त्याच्या हातात अत्यंत उत्तम गाडी असली तरी ही सहा मीटरांची तूट भरून निघत नाही. तोच चालक ताशी 60 ने येत असता, तर पाय ब्रेकवर गेल्यावर त्याच्याजवळ 33 मीटर उरले असते आणि लागले असते नऊ. म्हणजे हेडलाइटच्या उजेडापेक्षा वेगाने जाऊ नये. अनुभवी माणूस हे गणित न करता जाणतो, कारण त्याने कधी ना कधी अशी ट्रॉली अचानक समोर पाहिलेली असते आणि तो त्यातून वाचलेला असतो. नवख्याला ते शिकवावेच लागते, कारण तो पहिल्या वेळी वाचेलच असे नाही.

ट्रॉल्यांना मागे दिवे लावा, ही मागणी वर्षानुवर्षे होते आहे आणि ती रास्त आहे. कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याखेरीज ऊस आत घेऊ नये, असे मलाही मनापासून वाटते. पण ती पूर्ण होईपर्यंत आपली मुले रात्री गाडी चालवणार नाहीत, असे थोडेच आहे?

दुपदरी रस्त्यांवर संकट निराळे असते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून साखळीकडे जाणारा रस्ता घ्या किंवा शिनोळी, चंदगडच्या बाजूने आंबोलीकडे जाणारा. सुट्टीच्या दिवशी बेळगावातली किती तरी मुले, परवान्याची शाई वाळते न वाळते तोच, चार मित्र गाडीत घालून याच वाटांनी गोव्याला किंवा कोकणात उतरतात. इथे ओलांडणे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाणे. ताशी 50 ने जाणाऱ्या ट्रकला ताशी 70 ने, म्हणजे अशा रस्त्यावर मोटारीला असलेल्या कमाल वेगमर्यादेत राहून, ओलांडायला आठ सेकंद सहज लागतात. त्या आठ सेकंदांत आपण दीडशे मीटर पुढे जातो आणि समोरचा तितकाच आपल्याकडे येतो. तेव्हा ओलांडायला निघण्याआधी 300 मीटरांहून अधिक रस्ता स्वच्छ दिसायला हवा, आणि चोर्ल्याच्या जंगलात तेवढा सरळ रस्ता फारच थोड्या ठिकाणी दिसतो. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात धुके उतरले की तोही दिसत नाही.

त्यातही रस्त्यावर एक बोली चालते, जी कोणत्याही पुस्तकात नाही. पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर देतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘पुढे रस्ता मोकळा आहे, ये’ असे म्हणत असतो आणि उजवा देतो तेव्हा ‘समोरून गाडी आहे, थांब’ असे. पण तोच उजवा इंडिकेटर तो स्वतः उजवीकडे वळणार असतानाही देतो, आणि डावा देऊन ढाब्याकडेही वळतो. समोरून कुणी दिवे चमकवले तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘तू ये’ असा नसून ‘मी येतो आहे, तू थांब’ असा असतो. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे, हा तर लिखित नियम आहे, आणि तोही किती जणांना सांगितला जातो? ही बोली चांगली की वाईट हा वाद निराळा. ती आहे, आणि तिच्यावर आंधळेपणाने विसंबू नये हे कळण्यासाठी आधी ती समजावी लागते.

आता यावर एक सरळ उपाय सुचवला जातो, आणि तो सुचवणारे माझ्या परिचयातलेच आहेत: नव्या चालकांना वर्षभर महामार्गावर येऊच देऊ नये. हा उपाय मला मान्य नाही. जिथे महामार्ग हा दूरच्या प्रवासाचा रस्ता आहे आणि रोजच्या कामासाठी दुसरे रस्ते आहेत, तिथे कदाचित तो चालेल. सीमाभागात पुणे-बंगळूर महामार्ग हाच आमचा गावरस्ता आहे. कागलच्या अलीकडे दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागते आणि कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी, काकती अशी माळ बेळगावपर्यंत जाते. यमकनमर्डीच्या माणसाला बेळगावच्या बाजारात जायचे असो, निपाणीच्या मुलीला कोल्हापूरच्या कॉलेजात जायचे असो की रात्री-अपरात्री कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे असो, त्याला या रस्त्यावर यावेच लागते. बेळगाव आणि चिकोडीच्या परिवहन कार्यालयांतून परवाना घेऊन निघालेली केए 22 आणि केए 23 ची गाडी दुसऱ्या दिवशी एमएच 09 च्या हद्दीत असते, कारण आमची सोयरीक, शिक्षण, दवाखाने आणि देवस्थाने सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली आहेत. बंदी घातली तर ती पाळली जाणार नाही, आणि न पाळला जाणारा नियम माणसाला बाकीचे नियम मोडायलाही शिकवतो. शिवाय वर्षभर महामार्गापासून दूर ठेवलेला चालक वर्षानंतर महामार्गावर तितकाच नवखा असतो.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. नव्या चालकाला महामार्गावर आणावे, लवकर आणावे, पण एकट्याने नव्हे आणि परवाना मिळाल्यानंतर नव्हे, तर परवाना मिळण्याआधी. कायद्याची यात मोठी आडकाठी नाही. शिकाऊ परवाना असलेल्या व्यक्तीसोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’ हे अक्षर हवे, एवढेच नियम सांगतो. म्हणजे ज्या काळात मुलाच्या शेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून माणूस बसलेला असतो, तो संपूर्ण काळ आपण गल्लीत घालवतो, आणि ज्या दिवशी तो माणूस उतरून जातो त्या दिवशी मुलाला महामार्गावर सोडतो. हा क्रम उलटा आहे.

इतरत्र हा क्रम कसा लावला आहे ते पाहिले तर त्यात काही अद्भुत नाही. जर्मनीत परवान्याआधीच्या शिक्षणात 45 मिनिटांचे 12 विशेष धडे ठरलेले आहेत. त्यांतले पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार वेगवान महामार्गावर आणि तीन अंधारात घ्यावे लागतात. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकांना मोटारवेवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गांवर, पूर्वी मज्जाव होता. 4 जून 2018 पासून मान्यताप्राप्त शिक्षकासोबत, दुहेरी नियंत्रणाच्या गाडीतून त्यांना तिथे जाता येते, कारण बंदीमुळे ती माणसे परीक्षेनंतर एकटीच तिथे पोचत होती. तिथल्या 1995 च्या कायद्यानुसार परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दलचे सहा दंडगुण खात्यावर जमा झाले तर परवाना रद्द होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. न्यूझीलंडने 1987 मध्येच परवान्याचे टप्पे केले आणि मधल्या टप्प्यातल्या चालकाने रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने गाडी चालवू नये असे ठरवले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला 120 तासांची नोंदवही भरावी लागते. आपले 10 तास त्याशेजारी ठेवून पाहावेत.

आपल्याकडेही विचार झालेला नाही असे नाही. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत हलक्या वाहनासाठी 29 तासांचा अभ्यासक्रम आहे; त्यात आठ तास तात्त्विक भाग आणि 21 तास प्रत्यक्ष चालवणे, आणि त्या प्रत्यक्ष चालवण्यात ग्रामीण रस्ते, महामार्ग, शहरातले रस्ते, चढ आणि उतार यांचा नावानिशी उल्लेख आहे. अभ्यासक्रम म्हणून मला तो चांगला वाटतो. पण तो अशा केंद्रात जाणाऱ्यापुरताच आहे, आणि अशा केंद्रासाठी मोठी जागा आणि भांडवल लागते. गावोगावची मुले ज्या लहान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकतात, तिथे 10 तासांचा जुनाच हिशेब चालू आहे. ज्याची ऐपत आहे त्याला महामार्गाचे शिक्षण आणि ज्याची नाही त्याला गल्लीचे, अशी विभागणी रस्ता मान्य करत नाही. ट्रॉली दोघांनाही सारखीच आडवी येते. म्हणून त्या 21 तासांतले महामार्गाचे, उताराचे आणि रात्रीचे चार-पाच तास तरी प्रत्येक शाळेला आणि घरी शिकणाऱ्यालाही बंधनकारक करावेत, त्यांची नोंद परीक्षेच्या वेळी दाखवावी लागावी, आणि परीक्षकाने एकदा तरी गाडीत बसून खऱ्या रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन यावे, अशी माझी मागणी आहे.

फी वाढेल, हा आक्षेप खरा आहे. आमच्या भागात शेतमजुराचा किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री कामगाराचा मुलगा गाडी शिकतो तो हौसेसाठी नव्हे; परवाना म्हणजे त्याच्यासाठी नोकरीची पात्रता असते. त्याच्यावर आणखी भार टाकताना हात कचरतो. पण हा भार पाच तासांच्या पेट्रोलचा आणि मास्तरांच्या वेळेचा आहे, आणि अशा मुलांपुरता तो सरकारने उचलावा. रस्तासुरक्षेच्या नावाने फलक आणि सप्ताह यांवर जो पैसा जातो, त्यातला थोडा इकडे वळवला तर तो अधिक कामी येईल, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपघात नवखेच करतात कशावरून? वर्षानुवर्षे गाडी चालवणारे, दारू पिऊन चालवणारे, उलट दिशेने येणारे, उजव्या लेनमध्ये ठाण मांडणारे जड वाहनांचे चालक हे नवखे नसतात. हे सारे मला मान्य आहे. 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसे गेली. रस्त्यांच्या एकूण लांबीत दोन टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांवर त्यांतले 36 टक्के मृत्यू झाले आणि सर्वांत मोठे कारण अतिवेगाचे नोंदले गेले. परंतु त्या वार्षिक अहवालात चालकाकडे पक्का परवाना होता, शिकाऊ होता की मुळीच नव्हता, एवढेच वर्गीकरण असते. पक्का परवाना अकरा दिवसांचा होता की अकरा वर्षांचा, हे त्यात येत नाही. माझा पुतण्या त्या संध्याकाळी ट्रॉलीवर आदळला असता, तर त्याची नोंद ‘वैध परवानाधारक’ आणि ‘अतिवेग’ अशी झाली असती, आणि अनुभवी चालकांच्या खात्यात एक आकडा वाढला असता. परवान्याची तारीख त्या कार्डावर छापलेलीच असते. पंचनाम्याच्या वेळी ती उतरवून घ्यायला एक ओळ पुरते. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी निदान कोल्हापूर ते धारवाड या पट्ट्यात तेवढे केले, तर दोन-तीन वर्षांत या वादाचा निकाल आकड्यांनीच लागेल.

दुचाकीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण मुले आधी दुचाकीवरच महामार्गावर येतात. इथे एवढेच सांगतो की सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरता असतो, आणि अल्पवयीन मुलाला गाडी देणाऱ्या पालकाला 2019 पासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, हे अजून अनेक घरांत ठाऊक नाही.

भाषेचा एक मुद्दाही टाळता येत नाही. आमच्या घरांत मराठी बोलली जाते. शाळेचे मास्तर मराठी-कन्नड मिसळून शिकवतात. दूधगंगेच्या पलीकडे ‘वाहने सावकाश हाका’ असते आणि अलीकडे ‘निधानवागि चलिसि’. दोन्ही आम्ही वाचतो आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. कायमच्या फलकांवर चिन्हे असतात, त्यामुळे तिथे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यांवर, जिथे घाईने उभ्या केलेल्या फलकावर मजकूरच असतो आणि तो ताशी 80 च्या वेगाने एका नजरेत वाचायचा असतो. ज्या रस्त्याचा वापर दोन भाषांची माणसे करतात, तिथे धोक्याची सूचना दोन्ही भाषांत असावी, या मागणीकडे सीमावादाच्या चष्म्यातून पाहू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला जाणारे भाविक दोन्ही बाजूंचे असतात, त्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या मागून येणारा नवखा चालकही दोन्हींपैकी कोणतीही भाषा बोलणारा असू शकतो.

सरकार हे कधी करील ते करो. तोवर घरात काय करता येईल, हा प्रश्न उरतोच, आणि पुतण्याला मी त्याचे उत्तर देणे लागत होतो. धाकट्या मुलीने गेल्या पावसाळ्यानंतर शिकाऊ परवाना काढला तेव्हा मी तिच्या मास्तरांना भेटलो आणि ठरलेल्या तासांनंतरचे सहा तास वेगळे पैसे देऊन मागून घेतले. मास्तरांना आधी नवल वाटले. ‘‘गुरुजी, परीक्षेला हे काही विचारत नाहीत हो,’’ ते म्हणाले. मग मात्र त्यांनी मनापासून शिकवले. सहा रविवार, सकाळी लवकर, निपाणीहून संकेश्वरपर्यंत आणि परत. पहिल्या फेरीत फक्त डावी लेन, ताशी 60, आणि पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर: पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मोजायचे आणि त्याआधी आपण त्या खांबाशी पोचता कामा नये. दुसऱ्या फेरीत सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर येणे, कारण मुख्य रस्त्याच्या वेगाला न पोचता आत शिरणे हीच तिची पहिली चूक होती. तिसऱ्या फेरीत कंटेनर ओलांडणे, आणि ओलांडताना त्याच्या केबिनशेजारी, जिथे त्याच्या आरशात आपण दिसत नाही, तिथे रेंगाळायचे नाही. चौथ्या फेरीत तवंदीचा उतार, चौथ्या गिअरमध्ये, मग तिसऱ्यात, ब्रेकवर पाय फक्त टेकवून उचलत. पाचव्या फेरीत मास्तरांनी गाडी मुद्दाम कडेला घ्यायला लावली आणि चारही इंडिकेटर लावणे, डाव्या बाजूने उतरणे, लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवणे आणि महामार्गाचा 1033 क्रमांक लावणे हे करून घेतले. सहाव्या फेरीला मागच्या सीटवर पुतण्या बसला होता. उतार संपल्यावर त्याने मास्तरांना विचारले की त्याला अशा चार फेऱ्या आता मिळतील का.

मुलीला आता परवाना मिळाला आहे. तिच्याशी आमचा एकच करार आहे: वर्ष पूर्ण होईपर्यंत रात्री 9 नंतर महामार्गावर एकटीने जायचे नाही, आणि गेलीच तर पुढे किंवा शेजारी आमच्यापैकी कुणीतरी असेल. रात्रीच्या दोन फेऱ्या अजून व्हायच्या आहेत. कारखाने सुरू झाले की त्या करू, असे मास्तरांनी सांगितले आहे, कारण रस्त्यावर ट्रॉल्या असल्याशिवाय त्या फेऱ्यांना अर्थ नाही.